खोकल्याची कैफियत

दिवाळीच्या अंकात खोकल्याची बाजू मांडू नये, एवढा पाचपोच मला आहे. घरोघर चकल्यांचा खमंग वास सुटलेला, पोरे फटाक्यांच्या माळा उलगडीत बसलेली, आणि अशा वेळी एक म्हातारा उठून म्हणतो, "मला खोकल्याविषयी चार शब्द बोलायचे आहेत!" हे काही बरे दिसत नाही. घरातही मला तसे सांगून झाले. "लिहायचंच तर काही गोड लिहा," असे ही म्हणाली. पण गेल्या दिवाळीत माझ्याच ओसरीवर एक वाद झाला, तो अर्धाच राहिला आणि वर्षभर माझ्या डोक्यात घुमतो आहे. तो पुरा करण्यासाठी ही कैफियत. वाचकांनी करंजी हातात घेऊनच वाचावी. माझी मुळीच हरकत नाही.

वादाचे कारण झाली एक तबकडी. भाऊबीजेला माझी बहीण पुण्याहून त्र्यंबकला आली, तिच्याबरोबर भाचा आला, आणि भाच्याच्या काखेत ग्रामोफोनची मोठी काळी तबकडी आली. हल्ली तरुण मंडळींना या जुन्या तबकड्यांचे पुन्हा वेड लागले आहे. माझ्याकडचा रेकॉर्ड प्लेअर अजून चालतो, हे त्याला ठाऊक होते. "मामा, दोनच माणसं आहेत," तो म्हणाला. "एक गिटारवाला, एक माउथ ऑर्गनवाला. ऐका तर खरं."

तबकडी १९६२ सालची. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात 'सेकंड फ्रेट' नावाचे एक कॉफीगृह होते. तेथे लोक रात्री कॉफी पीत गाणी ऐकायला बसत. त्या कॉफीगृहात ब्राउनी मॅगी आणि सनी टेरी या दोघा कृष्णवर्णीय गायकांनी म्हटलेली 'ब्लूज' जातीची गाणी लोकांसमोर, किंबहुना लोकांसकट, मुद्रित करून ही तबकडी काढलेली. ब्लूज म्हणजे काय, हे भाच्याने मला सांगितले ते असे: अमेरिकेच्या दक्षिणेत, गुलामीतून सुटूनही दैन्यातून न सुटलेल्या शेतमजुरांच्या तोंडून निघालेले गाणे. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसरीत तिचा निकाल लावायचा. ऐकताना मला वाटले, दुःख सांगण्याची ही रीत आपल्या बायाबापड्यांनाही ओळखीची वाटेल. पहिल्यांदा सांगितलेले दुःख ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही; ते दुसऱ्यांदा सांगावेच लागते.

शेजारचे आप्पा फराळाला आले होते. आप्पा म्हणजे आमच्या आळीतले रसिकाग्रणी. त्यांनी अर्धी बाजू डोळे मिटून ऐकली आणि डोळे उघडून निकाल दिला : "गाणारे बरे आहेत हो. पण हे लोक मधेच टाळ्या काय पिटतात, तो बोलतो काय, हा ओरडतो काय! हा सगळा कचरा काढून टाकला असता, तर ऐकण्याजोगी तबकडी झाली असती."

मी चिडलो. इतका चिडलो की मला बोलता येईना, आणि ज्याला बोलता येत नाही तो वाद हरतो. आप्पा चिवड्याची बशी संपवून विजयी मुद्रेने घरी गेले. 'कचरा' या एका शब्दाने मी एवढा का दुखावलो, हे मी त्यांना त्या दिवशी सांगितले नाही. आज सांगणार आहे. पण त्याआधी त्या दोघांची हकीकत सांगितली पाहिजे. तिच्यावाचून माझी फिर्याद उभी राहत नाही.

सनी टेरी १९११ साली जॉर्जिया राज्यात जन्मला. पोरवयात दोन निरनिराळ्या अपघातांत, एकापाठोपाठ एक, त्याचे दोन्ही डोळे गेले. शेतकऱ्याच्या पोराला शेतात काम करता येईना. तेव्हा बापाकडून शिकलेला माउथ ऑर्गन हेच त्याचे औत झाले. रस्त्याच्या कडेला, तंबाखूच्या गोदामांपुढे वाजवून तो पोट भरी. असा माणूस १९३८च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये उभा राहून वाजवून आला. ब्राउनी मॅगी १९१५चा, टेनेसी राज्यातला. चार वर्षांचा असताना पोलिओने त्याचा पाय अधू केला. त्याचा भाऊ त्याला गाड्यात बसवी आणि काठीने ढकलीत गावभर फिरवी. लोकांनी त्या भावाचे नावच 'काठी' पाडले. पुढे शस्त्रक्रिया झाली, मॅगी आपल्या पायांनी चालू लागला, पण लंगडणे राहिलेच. १९४०नंतर लवकरच दोघांची जोडी जमली, आणि पुढली तीसपस्तीस वर्षे आंधळा आणि पांगळा जगभर गात हिंडले.

हे ऐकताच कोणाही मराठी माणसाच्या मनात काहीतरी हलेल. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत पुरुष आणि प्रकृती यांचा संयोग समजावून देताना पांगळ्या-आंधळ्याचाच दृष्टान्त आहे : पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसतो, वाट हा दाखवतो, पाय तो टाकतो. एकनाथांनी आपल्या भारुडांत आंधळा, पांगळा, मुका, बहिरा या सर्वांना लोकांसमोर आणून उभे केले. तेव्हा ही जोडी आपल्याला परकी वाटण्याचे काही कारण नाही. तबकडीवर मात्र एक गंमत होते. इथे पांगळा चालतो आणि आंधळा वाट दाखवतो! मॅगीचा अंगठा गिटारच्या खर्जाच्या तारांवर एका ठाय चालीने पडत राहतो, आणि त्या चालीच्या खांद्यावर बसून टेरीचा माउथ ऑर्गन पुढचे दिसेल ते सांगत सुटतो.

मी शाळेत तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले, तेव्हा या वाद्याविषयी थोडे सांगण्याचा मोह मला आवरणार नाही. माउथ ऑर्गन हे निव्वळ श्वासाचे वाद्य आहे. धातूच्या पातळ पट्ट्या, त्यांवरून जाणारी हवा, बस्स! फुंकले की काही स्वर निघतात, श्वास आत ओढला की दुसरे. गंमत अशी की, ब्लूज वाजवणारे ओढलेल्या श्वासावर अधिक भर देतात; आणि ओढताना तोंडाच्या आतली पोकळी लहानमोठी करून तो स्वर किंचित खाली वाकवतात. तो वाकलेला स्वर पट्टीत कोठे लिहिलेला नाही; तो वाजवणाऱ्याच्या घशात असतो. टेरी तर त्यापुढे जातो. वाद्य क्षणभर ओठांवरून दूर करतो आणि त्याच सुरात गळ्यातून एक उंच आरोळी सोडतो. आरोळी कोठे संपली आणि वाद्य कोठे लागले, ते कळत नाही. अशा माणसाला श्वास घ्यायला जागा लागते. ती जागा मॅगी धरून ठेवतो. घाई करत नाही, भरतीचे काही वाजवून मिरवत नाही. नुसती चाल चालू ठेवतो, आंधळ्याचा हात धरून उभे राहावे तशी.

या दोघांइतकाच त्या तबकडीवर तिसरा एक गायक आहे, आणि तो म्हणजे समोर बसलेला समाज. आप्पांनी ज्याला कचरा म्हटले तो हा. मॅगी दोन गाण्यांच्या मधे बोलतो, लोक दाद देतात, त्या दादेचा ओलावा पुढच्या ओळीच्या आवाजात उतरतो. टाळ्या कापून टाका. ओळ तशीच राहील, पण ती तशी का झाली याचे कारण नाहीसे होईल. दोघांच्या पत्रव्यवहारातली एकाचीच पत्रे छापावीत, तसे ते होईल. आपल्याकडे हे कोणाला शिकवायला नको होते. कीर्तनकाराच्या मागे टाळकरी ध्रुवपद उचलून धरतात, ते काय शोभेसाठी? मैफलीत समेवर आलेल्या गवयाला पुढच्या रांगेतून 'वाहवा' मिळाली नाही, तर त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. ज्या देशात ऐकणाऱ्याने मान डोलावल्यावाचून गाणे पुरे झाले असे कोणी समजत नाही, त्या देशात बसून आप्पा म्हणतात, ऐकणाऱ्याला बाहेर काढा!

अर्थात हा दोष एकट्या आप्पांचा नाही. यंत्रानेच आपल्या कानाला ही सवय लावली. पूर्वी तबकडीच्या एका बाजूला तीनसाडेतीन मिनिटे मावत. तेवढ्यात गवयाने रागाचे अत्तर काढून द्यायचे, तेही बंद खोलीत, समोर श्रोत्याऐवजी भोंगा ठेवून. त्या तबकड्यांचे आपल्यावर अनंत उपकार आहेत, त्यांनी कितीतरी थोर आवाज आपल्यासाठी राखले; पण गाणे म्हणजे निर्मनुष्य खोलीतला आवाज, हा समजही त्यांनीच रुजवला. १९४८ साली अमेरिकेत लांब पल्ल्याची तबकडी निघाली, एका बाजूला वीसबावीस मिनिटे मावू लागली, आणि मग कोठे माणसांसकट गाणे आत शिरू शकले. 'सेकंड फ्रेट'ची तबकडी ही त्या सोयीची मुलगी.

शुद्धतेच्या नावाखाली काय काय होते, याचा आपल्या घरचा दाखला हवा असेल तर पेटीला विचारा. पेटी आणि माउथ ऑर्गन हे एका कुळातले. दोन्हींत पट्टी थरथरते आणि सूर निघतो, एकीला भाता, दुसऱ्याला फुप्फुस. युरोपातून आलेली ही पेटी आमच्या नाटकांनी, कीर्तनांनी, भजनी मंडळांनी आपलीशी केली. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला मैफलीत मान मिळवून दिला. तरी १९४० साली आकाशवाणीने तिला दाराबाहेर काढले. तिच्यात श्रुती नाहीत, मींड नाही, ती अशुद्ध आहे, असे विद्वानांचे म्हणणे पडले. रवींद्रनाथांचीही तिच्यावर मर्जी नव्हती. आक्षेप अगदीच खोटा होता असे मी म्हणत नाही. पेटीचा स्वर वाकत नाही, हे पदार्थविज्ञानाचा मास्तर नाकारील कसा? पण १९७१च्या सुमारास अटी घालून दार किलकिले होईपर्यंत तीस वर्षे ती सरकारी नभोवाणीबाहेर उभी होती, आणि त्या तीस वर्षांत महाराष्ट्रातल्या एकाही देवळाने तिला बाहेर काढले नाही. जे अशुद्ध म्हणून वगळले, त्याच्याच आधाराने लाखो माणसे रोज संध्याकाळी गात होती. वगळणाऱ्याने हे एकदा तरी मनात आणायला हवे होते.

आता माझे घरचे सांगतो.

पौष वद्य एकादशीला आमच्या त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. ज्ञानदेवांच्या या थोरल्या भावाची, आणि गुरूची, समाधी इथे आहे. नाशिकपासून अठ्ठावीस किलोमीटरवरचे हे गाव एरवी ज्योतिर्लिंगाचे, कुशावर्ताचे, निरनिराळ्या विधींचे आणि पावसाचे. पण पौषातले ते तीनचार दिवस ते सर्वस्वी वारकऱ्यांचे असते. सिन्नर, निफाड, इगतपुरी, पार नगरकडून दिंड्या चालत येतात. ब्रह्मगिरीवरून थंडी अशी उतरते की हात शेकल्याशिवाय टाळ धरवत नाही. धर्मशाळा भरतात, वाडे भरतात, ओसऱ्या भरतात. आमच्या ओसरीवर दरसाल सिन्नरकडचे एक वारकरी उतरत. आम्ही मुले त्यांना 'बाबा' म्हणत असू. त्यांच्याजवळ एकतारी, माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, ते पेटी घेऊन बसत. एवढाच सरंजाम. दशमीच्या रात्री जेवणे आटोपली की दोघे निवृत्तिनाथांचे अभंग म्हणत, आणि सारी आळी गोधड्या पांघरून ऐकायला बसे.

दादांना दमा होता. पौषातली थंडी, शेकोटीचा धूर, आणि त्यात गाणे! दोनतीन अभंग झाले की त्यांना खोकल्याची उबळ येई. ती आली की बाबा काय करीत, ते सांगतो. ते थांबत नसत, दादांकडे पाहतही नसत. हातातली ओळ ते लांबवीत. शेवटचा शब्द धरून ठेवीत, त्याला निरनिराळ्या वळणांनी घोळवीत, एकतारी नुसती झंकारत ठेवीत. आणि दादांचा खोकला शमून बोटे पुन्हा पट्ट्यांवर आली की अशा बेताने समेवर येत, जणू ओळ मुळात तेवढीच लांब होती. आळीतल्या बायांना हे ठाऊक होते. दादा सावरले की त्या हलकेच 'रामकृष्ण हरी' म्हणत. ती दाद कोणत्या तानेला असे, ते वेगळे सांगायला नको.

१९८४ साली मी पगारातून कॅसेटचे यंत्र घेतले आणि त्या दशमीची रात्र मुद्रित केली. दीड तासाची कॅसेट. १९९१ साली दादा गेले; बाबांचे येणे त्याआधीच थांबले होते. कॅसेट कपाटात राहिली. २०११ साली मला वाटले, ती जीर्ण व्हायच्या आत तबकडीवर उतरवून घ्यावी. शहरातल्या एका ध्वनिमुद्रणवाल्याकडे ती पाठवली, आणि सोबत माझ्या वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहिली : 'नको ते आवाज कृपा करून काढून टाकावेत.' चिठ्ठी माझी होती, हे ध्यानात ठेवा. त्या माणसाने आपले काम चोख केले. आणि मूळ कॅसेट यंत्रात अडकून तुटली म्हणून फेकून दिली; तीही मी परत मागितलेली नव्हती.

घरी आणून लावली. किती स्वच्छ! शेकोटीची चरचर गेली, कोणाचे तरी मूल रडत होते ते गेले, दूरच्या दिंडीचा मृदंग गेला, बायांचे 'रामकृष्ण हरी' गेले. खोकला तर औषधालाही राहिला नाही. मी खूश झालो, हे कबूल करतो. माझी नात तेव्हा सहा वर्षांची होती. ती थोडा वेळ ऐकत बसली आणि म्हणाली, "आजोबा, हे ऐकायला कोणीच आलं नव्हतं का?"

मी उत्तर दिले नाही. पुन्हा लावून ऐकली, आणि मग माझ्या लक्षात आले की, आणखी एक घोर गोष्ट घडली आहे. खोकला गेला, पण बाबांनी लांबवलेल्या ओळी तशाच राहिल्या होत्या. बाबा एका शब्दावर घुटमळतात. पेटी गप्प आहे. ते आणखी घुटमळतात. ज्याला ठाऊक नाही तो म्हणेल, म्हाताऱ्याला पुढची ओळ आठवत नसावी. एका माणसाने दुसऱ्यासाठी केलेली सर्वांत हळुवार गोष्ट त्या स्वच्छ तबकडीवर चूक होऊन बसली आहे! ती चूक मी पैसे देऊन करवून घेतली.

आप्पा, तुमच्या 'कचरा' शब्दाला मी का चिडलो, ते आता कळले असेल. तो शब्द माझाच होता. तुमच्या तोंडून मला माझीच चिठ्ठी ऐकू आली.

आता माझ्यावर येणाऱ्या आक्षेपांना उत्तर देतो. पहिला आक्षेप : तुम्ही गोंगाटाचे समर्थन करता. मुळीच नाही. समाजाचा आवाज वेगळा आणि यंत्राचा गोंगाट वेगळा. अलीकडे यात्रेत आयत्या वाद्यमेळाच्या मुद्रणावर भजने म्हटली जातात, कर्ण्यांच्या उतरंडी रचल्या जातात, आणि दोन घरे पलीकडे एकतारी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. तो कर्णाही ऐकणाऱ्याला बाहेरच काढतो. त्याच्यापुढे माणूस दाद देऊच शकत नाही, फक्त कान झाकू शकतो. आणि आयता वाद्यमेळ कोणाच्या खोकल्यासाठी थांबत नाही. तेव्हा अतिस्वच्छ तबकडी आणि कर्कश कर्णा ही मला सख्खी भावंडेच वाटतात.

दुसरा आक्षेप : मग प्रत्येक गाण्यात खोकला हवा काय? नको. १९५५-५६ साली पुणे केंद्रावरून गीतरामायण घरोघर गेले, त्यात कोणी खोकले असते तर मीही रागावलो असतो. स्टुडिओचे गाणे स्टुडिओचे असते; ते शांततेसाठीच रचलेले असते, आणि त्याचे सौंदर्य वेगळे. माझे भांडण आहे ते ओसरीवरच्या गाण्याला स्टुडिओचे कपडे चढवण्याशी. तसेच उलटे करणाऱ्यांशीही. बंद खोलीतल्या गाण्याला मागाहून खोट्या टाळ्या चिकटवणारेही जगात आहेत.

तिसरा आक्षेप भाच्याने घेतला, आणि तो सर्वांत खरा आहे. तो म्हणाला, "मामा, लोकांसमोरची तबकडी म्हणून जे विकतात, त्यातही निवड असतेच. कुठलं ठेवायचं, कुठलं गाळायचं, हे कोणीतरी ठरवतंच." बरोबर आहे. तबकडी म्हणजे ती रात्र नव्हे. मी एवढेच म्हणतो की, निवडायचे तर डोळे उघडे ठेवून निवडावे. आणि मूळ मुद्रण माझ्यासारखे हरवू नये.

कारण मूळ राहिले तर ते माणसांच्याही पुढे जाते. सत्तरीच्या दशकात टेरी आणि मॅगी यांचे बिनसले. एका व्यासपीठावर बसून ते गात, पण एकमेकांशी धड बोलत नसत, आणि अखेर जोडी फुटली. १९८२ साली त्यांच्या देशाने लोककलावंतांचा राष्ट्रीय सन्मान सुरू केला, तो पहिल्याच वर्षी दोघांना मिळाला. पण तेव्हा ते 'दोघे' राहिले नव्हते. १९८६ साली टेरी गेला, १९९६ साली मॅगी. भांडण कोणाचे, चूक कोणाची, मला ठाऊक नाही आणि जाणून घ्यायचेही नाही. त्या कॉफीगृहातल्या रात्री आंधळ्याला श्वास घ्यायला पांगळ्याने जागा धरून ठेवली, एवढे मात्र तबकडीवर कायम आहे.

आपल्याकडे असे काम झालेच नाही, असे समजू नका. हेमा राइरकर आणि गी पॉयटवँ या दोघांनी खेड्यापाड्यांतून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांची संख्या लाखावर गेली. १९९०च्या दशकात त्यांतल्या कित्येक गावी जाऊन, बायकांच्या घरी बसून मुद्रित केल्या गेल्या. 'पारी'च्या ग्रामीण संग्रहात त्या आज कोणालाही ऐकता येतात. त्या बायांना शहरात नेऊन, काचेच्या खोलीत बसवून, कानाला यंत्रे लावून गायला सांगितले असते, तर ओव्या निघाल्या असत्या. पण ज्या माजघरात आणि ज्या मैत्रिणींसमोर त्या सुचल्या, ते माजघर आणि त्या मैत्रिणी आत आल्या नसत्या.

तेव्हा माझी मागणी साधी आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. दादांच्या वेळी मला महिन्याचा पगार मोजावा लागला होता. येत्या पौषात जे निवृत्तिनाथांच्या यात्रेला येतील, त्यांनी रथाची चित्रे जरूर घ्यावीत. पण एखाद्या ओसरीवर दोन म्हातारे वाद्य लावून बसलेले दिसले, तर त्यांच्या परवानगीने एक अभंग पहिल्यापासून शेवटपर्यंत मुद्रित करावा. मधेच बंद करू नये. गाणाऱ्याचे नाव, गाव, तिथी मुद्रणातच बोलून ठेवावी. नंतर कोणी 'साफ करून देतो' म्हणाले, तर नकलेवर काय करायचे ते करू द्यावे, मुळाला हात लावू देऊ नये. आणि ज्यांना यात्रेला येणे जमणार नाही त्यांनी घरच्या घरी करावे. दिवाळीत घरी आजी असते, आत्या असते, एखादे जुने गाणे अजून कोणाच्या तरी तोंडी असते. बाहेर फटाके वाजत असतील, कढईत करंजी पडल्याचा आवाज येत असेल, पोरे भांडत असतील. ते सारे आत येऊ द्यावे. वीस वर्षांनी तुम्ही गाणे ऐकण्यासाठी ते लावाल, आणि कान द्याल तो त्या भांडणाकडे.

परवाची गोष्ट सांगतो आणि संपवतो. नात आता मोठी झाली आहे, शिकायला नाशिकला असते. दिवाळीसाठी घरी आली, आणि आजी अनारसे थापताना तिची जुनी गाणी मोबाइलवर धरून बसली. मीही तेथेच होतो. वडिलांचा दमा माझ्याकडे वारशाने आला आहे. कढईच्या धुराने मला उबळ आली. "आजोबा, रेकॉर्डिंग चाललंय!" ती कुजबुजली. मी तोंडावर उपरणे धरले, पण खोकला का कोणाचे ऐकतो? आणि तेवढ्यात ध्यानात आले की, आमच्या हिने ओळ सोडलेली नाही. कढईतला अनारसा झाऱ्यावर निथळत धरून ती तोच शब्द घोळवीत होती, माझ्याकडे न पाहता. मी सावरलो, तशी ती पुढच्या ओळीवर गेली.

ते काढायचे नाही, असे नातीला बजावून ठेवले आहे. आप्पांना यंदाही फराळाचे बोलावणे गेले आहे. आल्यावर त्यांना आधी तेच ऐकवणार आहे.